पांढरा पडलेला शिंपला

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला शिंपल्याची ओळख करून द्यावी लागत नाही. तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवे ही नावे तेथील पोरासोरांच्या तोंडी असतात. ओहोटी लागली की बाया टोपल्या घेऊन चिखलात उतरतात आणि दुपारी घरोघर तिसऱ्यांचे कालवण शिजते. हा प्राणी कसा जगतो, हेही तेथे सर्वांना ठाऊक असते. चिखलात रुतून वा खडकाला चिकटून राहायचे, पाणी आत घ्यायचे, त्यातील सूक्ष्म अन्नकण गाळून घ्यायचे आणि उरलेले पाणी बाहेर सोडायचे. उन्हाशी त्याचे काही देणेघेणे नसते. किंबहुना उजेडापासून तो अंग चोरूनच असतो.

प्रशांत व हिंदी महासागरांच्या उष्ण भागात, प्रवाळ खडकांवर राहणाऱ्या त्याच्या काही नातलगांनी मात्र निराळाच मार्ग धरला आहे. ते उजेडाकडे पाठ फिरवीत नाहीत. उलट शिंपा उघडून आतील मांसल पडदा उन्हात पसरून बसतात. या पडद्याला शास्त्रीय परिभाषेत प्रावार म्हणतात. निळा, हिरवा, जांभळा, तपकिरी, सोनेरी असे नाना रंग त्यावर असतात आणि एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नसते. हेच महाकाय शिंपले. त्यांचे शास्त्रीय नाव ट्रिडॅक्ना असे असून ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘तीन घासांचा’ असा होतो. म्हणजे एका घासात न संपणारा. नाव देणाऱ्याने यात थोडी काटकसरच केली म्हणावयाची, कारण यांतील सर्वांत मोठी जात, ट्रिडॅक्ना गिगास, सव्वा मीटरपर्यंत लांब होते आणि तिचे वजन दोनशे किलोग्रॅमच्याही वर जाते. पोहणाऱ्याचा पाय पकडून त्याला बुडविणारा राक्षस म्हणून या बिचाऱ्या प्राण्याच्या कथा जुन्या प्रवासवर्णनांत रंगविल्या गेल्या. त्यांपैकी एकही सिद्ध झालेली नाही.

या कुळातील लहान जाती, म्हणजे मॅक्सिमा, क्रोशिया, स्क्वामोसा, डेरासा, आज जगभर सार्वजनिक मत्स्यालयांत व हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांत पाळल्या जातात. तेथे कधीकधी एक प्रकार घडतो. काल-परवापर्यंत मखमलीसारखा दिसणारा प्रावार फिका पडू लागतो. आठवडा-दोन आठवड्यांत तो दुधासारखा पांढरा, कधी काचेसारखा आरपार दिसणारा होतो. प्रथमच पाहणारा मनुष्य तो मेला असे धरून चालतो आणि पाणी नासू नये म्हणून त्याला टाकीबाहेर काढून टाकतो. वस्तुतः शिंपला मेलेला नसतो. त्याच्यावर हाताची सावली पडली तर तो अजूनही अंग आत ओढून घेतो, कारण प्रावाराच्या काठावर असलेले शेकडो सूक्ष्म नेत्र शाबूत असतात. तो जगू शकतो. मात्र ते शक्य असलेला अवधी मोजका असतो आणि त्या अवधीत काय केले जाते यावर सर्व काही अवलंबून असते.

दुहेरी उपजीविका

पांढरे पडणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी रंग असतो कशाचा, हे प्रथम पाहिले पाहिजे. प्रावारात एकपेशी शैवलांची प्रचंड वस्ती असते. एकेक पेशी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी. रंगाने सोनेरी तपकिरी. प्रवाळांच्या अंगातही याच गटातील शैवले राहतात. १९२८-२९ साली सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश शास्त्रीय मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या विस्तीर्ण प्रवाळ खडकांवर गेली होती. तेथे यंग यांनी या शिंपल्यांचा बारकाईने अभ्यास केला. शिंपला ही शैवले शेतकऱ्यासारखी वाढवितो आणि पिकल्यावर खातो, असे त्यांचे मत झाले. कल्पना आकर्षक होती व ती बराच काळ टिकली. पुढे १९६७ मध्ये लेनर्ड मस्कॅटिन यांच्या प्रयोगांतून चित्र बदलले. शैवल जिवंत राहूनच उन्हाच्या साहाय्याने तयार केलेल्या अन्नाचा मोठा भाग यजमानाच्या स्वाधीन करते, असे दिसून आले. म्हणजे हे नाते पीक आणि शेतकरी यांच्यापेक्षा गाय आणि गवळी यांच्या नात्याला अधिक जवळचे म्हटले पाहिजे. शिंपल्याच्या श्वासातील कर्बवायू आणि शरीरातून टाकाऊ म्हणून निघणारा अमोनिया हा या गाईचा चारा.

ही वस्ती नेमकी कोठे असते, हा प्रश्न फार उशिरा सुटला. प्रवाळात शैवल प्राण्याच्या पेशीच्या आत राहते. शिंपल्यात तसे नसते. १९९२ मध्ये नॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, शिंपल्याच्या जठरापासून एक नळी निघते, तिला फाटे फुटत जातात आणि त्या बारीक नळ्यांचे जाळे संपूर्ण प्रावारात पसरते. शैवले या नळ्यांत राहतात. पाटाच्या पाण्याने मुख्य कालव्यातून उपकालव्यात आणि तेथून वाफ्यात जावे, तशी ती जठरातून प्रावारापर्यंत पोहोचतात. शिंपल्याच्या आजाराची व बरे होण्याची सारी कथा या नळ्यांत आहे, म्हणून त्यांची आठवण पुढेही ठेवावी लागेल.

शैवलाचा हा वारसा पिल्लाला आईकडून मिळत नाही, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. अंड्यातून बाहेर पडलेला डिंभ रिकामाच असतो. पाण्यात तरंगत असताना तो शैवले गिळतो. त्यांतील बरीच पचून जातात, काही मात्र पचनातून निसटतात आणि पुढे नळ्यांत वस्ती करतात. प्रत्येक पिढीने संसार नव्याने मांडावयाचा, असा हा प्रकार आहे. तपकिरी शैवले असताना प्रावार निळा-हिरवा कसा दिसतो, असे विद्यार्थी विचारतील. तो रंग शैवलांचा नसून प्रावारातील चमकदार पेशींचा असतो. २०१४ मध्ये ऍलिसन स्वीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या पेशी शैवलांना उपयोगी पडणारा प्रकाश आत खोलवर पसरवितात आणि निरुपयोगी प्रकाश परत फेकतात. शैवले निघून गेली तरी या पेशी काही काळ राहतात. त्यामुळे फिका पडू लागलेला शिंपला कधीकधी पूर्वीपेक्षा जास्तच निळा व झगझगीत दिसतो आणि पाहणारा खूश होतो. ही खुशी फसवी असते.

उन्हाची ही मिळकत असली तरी शिंपल्याने आपला वडिलोपार्जित धंदा सोडलेला नाही. तिसरीप्रमाणे तोही कल्ल्यांनी पाणी गाळून अन्न मिळवितो. क्लंप, बेन आणि हॉकिन्स यांनी १९९२ मध्ये गिगास जातीवर मोजमाप केले. अगदी लहान शिंपल्याला श्वसन व वाढ यांसाठी लागणाऱ्या कार्बनपैकी सुमारे ६५ टक्के भाग गाळलेल्या अन्नातून मिळतो, तर मोठ्यात हा वाटा सुमारे ३४ टक्क्यांवर येतो, असे त्यांना आढळले. लहान शिंपल्याची मुख्य भिस्त पाण्यावर, तर मोठ्याची उन्हावर, असा याचा अर्थ. शैवले गमावलेला शिंपला त्याच दिवशी उपाशी का मरत नाही, याचे उत्तर येथे मिळते. त्याची एक कमाई बुडालेली असते, दुसरी चालू असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी एखादी दुभती म्हैस असावी, तसे हे आहे. म्हशीवर संसार वर्षानुवर्षे चालत नाही. पण एक वाईट हंगाम निभावून जातो.

रंग का जातो

पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा अंशभर जरी अधिक तापले आणि ते तसे काही आठवडे राहिले, तर शैवलातील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. ऊन तर पडतच असते. शोषलेला प्रकाश साखर करण्यात खर्ची पडेनासा होतो आणि त्यातून प्राणवायूची अतिशय विध्वंसक रूपे निर्माण होतात. म्हणजे जो सोबती आतापर्यंत अन्न देत होता, तोच विष देऊ लागतो. प्रवाळ अशा वेळी शैवलांना बाहेर काढतो. शिंपल्यात ती नळ्यांतून मागे जठरात येतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. काही जागच्या जागी नष्ट होतात. उष्णता आणि तीव्र प्रकाश हे दोन्ही एकत्र आले म्हणजे हानी झपाट्याने होते. ढगाळ हवेत तेवढेच तापमान पुष्कळदा सोसले जाते.

शैवले गेली की साखर थांबते, हे उघड आहे. दुसरा परिणाम सहसा लक्षात येत नाही. शरीरातील अमोनिया वापरून टाकणारा सोबतीही त्याच वेळी गेलेला असतो. घरातील कमावता माणूस आणि सफाई करणारा माणूस एकाच दिवशी निघून जावा, अशी ही स्थिती होते.

काचेच्या टाकीतील कारणे

समुद्रात पांढरे पडण्याचे कारण बहुधा एकच, उष्णता, असते. टाकीत मात्र कारणे अनेक असतात आणि त्यांतील पुष्कळशी माणसाच्या हातून घडलेली असतात.

पाणी ऊबदार ठेवणाऱ्या हीटरचा थर्मोस्टॅट अडकतो आणि सुटीच्या दोन दिवसांत पाणी ३२-३३ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. हे सर्वांत ढोबळ कारण. जुना झालेला दिवा बदलून नवा लावला जातो, हे त्याहून फसवे. दिवा हळूहळू मंद होत असताना शिंपल्याने त्या मंद उजेडाशी जुळवून घेतलेले असते. नवा दिवा लागताच एका रात्रीत प्रकाश कितीतरी वाढतो. माणसाच्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण डोळे लगेच सरावतात. विमानातून आलेल्या शिंपल्याचेही तसेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत, अंधारात एक-दोन दिवस काढून आलेल्या या प्राण्याला मालक कौतुकाने टाकीतील सर्वांत उजेडाच्या जागी, दिव्याखालीच ठेवतो.

आणखी एक कारण असे आहे की, ते प्रथम ऐकताना पटत नाही. ते म्हणजे अतिस्वच्छता. पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की टाकीत नको असलेले शेवाळ माजते. म्हणून फॉस्फेट शोषून घेणारे पदार्थ गाळणीत टाकण्याची पद्धत आहे. उत्साहाच्या भरात ते इतके टाकले जातात की पाण्यात फॉस्फेट जवळजवळ उरतच नाही. शिंपल्यातील शैवलालाही त्याची गरज असते, याचा विसर पडतो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यॉर्ग वीडनमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाक्यांत वाढविलेल्या प्रवाळांवर प्रयोग केले व २०१३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अपुरे, अशा पाण्यात शैवलाची फॉस्फेटची उपासमार होते व उष्णता आणि प्रकाश यांपुढे प्रवाळ लवकर पांढरे पडते, असे त्यांतून निघाले. हे प्रयोग प्रवाळांवरील आहेत, शिंपल्यांवरील नव्हेत. तथापि दोघांचा सोबती एकाच गटातील असल्याने टाकी सांभाळणाऱ्यांनी त्यांतून धडा घेतला आहे. एकाच खताची पोती ओतून दुसरे द्रव्य विसरलेल्या शेताची कथा याहून फार वेगळी नसते.

पांढरेपणाची सुरुवात टाकीत पुष्कळदा प्रावाराच्या मध्यभागापासून होते. कडा बराच काळ रंगीत राहतात. रोज वरून पाहणाऱ्याला ही खूण लवकर दिसते, समोरच्या काचेतून पाहणाऱ्याला उशिरा. जे शिंपले मुळातच फिकट रंगाचे असतात त्यांच्याबाबत घोटाळा होतो, म्हणून निरोगी अवस्थेतील एक छायाचित्र जवळ असावे. प्रावार चिमटल्यासारखा आक्रसलेला असेल किंवा पाणी आत घेण्याचे छिद्र वेडेवाकडे वासलेले असेल, तर प्रकरण नुसत्या पांढरेपणाचे नाही. दुसरा आजार वा शेवटची अवस्था समजावी.

सावरण्याचा काळ

शिंपला पांढरा दिसला की सांभाळणाऱ्याच्या हातांना स्वस्थ बसवत नाही. तो त्याला उचलून दुसरीकडे ठेवतो, पाणी अर्धेअधिक बदलतो, बर्फाच्या पिशव्या सोडतो, औषधे आणतो. यांतील प्रत्येक गोष्टीने शिंपल्यावर नवा ताण पडतो. लहान जाती रेशमासारख्या धाग्यांच्या गुच्छाने खडकाला घट्ट बांधलेल्या असतात. तो ओढून काढला तर धाग्यांच्या मुळाशी असलेला मांसल भाग फाटतो आणि पांढरेपणातून वाचू शकणारा जीव जखमेने मरतो.

पहिले काम मोजण्याचे असते. एका तापमापकावर विश्वास न ठेवता दुसऱ्याने ताडून पाहावे. खारेपणा समुद्राच्या पाण्याएवढा, म्हणजे दर हजार भागांत सुमारे ३५ भाग, आहे की नाही ते पाहावे. नायट्रेट व फॉस्फेट तपासावे. गेल्या महिनाभरात दिवा, गाळणी, जागा यांपैकी काय बदलले, हे आठवून लिहून काढावे. कारण बहुधा त्या यादीतच सापडते. ते सापडले की दूर करावे, पण सावकाश. तापलेले पाणी तासाभरात नव्हे, तर दिवसभरात उतरवावे. शिंपला न हलवता दिव्याखाली जाळीचे कापड लावून प्रकाश कमी करावा आणि पुढे काही आठवड्यांत एकेक पदर काढीत तो वाढवावा. पूर्ण अंधार करणे मात्र घातक होय. जी थोडी शैवले मागे उरली आहेत, त्यांना वाढण्यासाठी उजेड हवाच असतो.

मागे उरलेली ही शैवले म्हणजे सावरण्याचे बियाणे. वरून प्रावार शुभ्र दिसला तरी नळ्यांच्या आतील भागात काही पेशी तग धरून असतात. परिस्थिती सुधारली की त्या दुभागत जातात आणि जाळे पुन्हा भरू लागते. परंतु पांढरेपणा तीव्र असेल व लांबला, तर केवळ शैवलेच जातात असे नाही. त्या बारीक नळ्याही आक्रसून नाहीशा होत जातात, असे नॉर्टन यांच्याच गटाने १९९५ मध्ये नोंदविले आहे. पाणी आटल्यावर वापराविना पाट बुजावेत, तसे हे होते. अशा शिंपल्याला आधी पाट खणावे लागतात, मग पेरणी. त्यामुळे एखादा शिंपला काही आठवड्यांत रंगतो, तर एखाद्याला कित्येक महिने लागतात, आणि काही सावरतच नाहीत. अवधी मोजका असतो असे आरंभी म्हटले, ते याच कारणाने.

या काळात दुसरी कमाई उपयोगी पडते. पाण्यात अतिसूक्ष्म वनस्पतिप्लवक सोडून शिंपल्याला खाऊ घालता येते. विशेषतः लहान शिंपल्यांना ते दिलेच पाहिजे. अन्न जास्त झाले तर पाणी नासते, हा धोका आहेच. शेजारी निरोगी शिंपला असणेही लाभदायक ठरू शकते. निरोगी शिंपल्याच्या विष्ठेत न पचलेली, जिवंत शैवले असतात, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. घृणा वाटावी अशा या मार्गानेच समुद्रात नव्या पिढीला बियाणे मिळत असावे, असे संशोधक मानतात. महाकाय शिंपल्यांच्या बीजोत्पादन केंद्रांत तर मोठ्या शिंपल्याच्या प्रावाराचा तुकडा वाटून त्यातील शैवले डिंभांना मुद्दाम दिली जातात.

सुधारणेची पहिली खूण अगदी साधी असते. पांढऱ्या भागावर चहाचा पुसट डाग पडावा तसा तपकिरी रंग दिसू लागतो. निळे-जांभळे वैभव नंतरचे. दुसरी खूण शिंपीच्या वरच्या कडेला दिसते. तेथे नव्या चुन्याची स्वच्छ पांढरी किनार वाढू लागली की पोटाला मिळते आहे असे समजावे. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, त्याच दिव्याखाली छायाचित्र घेत गेले तर हा बदल दिसतो. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो सहसा दिसत नाही. शाळांमधून निरीक्षणवहीचे महत्त्व सांगितले जाते, त्याला हे चांगले उदाहरण आहे.

समुद्रातील गोष्ट

टाकीतील हे ज्ञान नुसत्या हौसेपुरते राहिलेले नाही. मांसासाठी व शिंपांसाठी झालेल्या बेसुमार उपशाने हे शिंपले अनेक बेटांवरून नाहीसे झाले. १९८५ पासून त्यांच्या सर्व जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्याच सुमारास पलाऊ, सॉलोमन बेटे, फिलिपाइन्स व ऑस्ट्रेलिया येथे शिंपल्यांची पैदास करण्याचे तंत्र विकसित झाले. फिलिपाइन्समधील बोलिनाओ येथील केंद्रात एडगार्डो गोमेझ यांच्या पुढाकाराने गिगास जातीचे शिंपले वाढवून त्या देशाच्या खडकांवर पुन्हा सोडण्यात आले. या केंद्रांतील उथळ हौदांवर जाळीचे कापड ताणलेले असते. मत्स्यालयातील उपाय तेथलाच.

क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळील ऑर्फियस बेटाच्या उथळ पाण्यात संशोधनासाठी वाढविलेले गिगास शिंपले हजारोंच्या संख्येने ठेवलेले होते. १९९८ च्या आरंभी, तेथील उन्हाळ्यात, समुद्र तापला आणि त्यांतील बहुसंख्य शिंपले कमीअधिक पांढरे पडले. त्यांना टाकीबाहेर काढून टाकणारा तेथे कोणी नव्हता. उन्हाळा संपला, पाणी निवले आणि पुढील काही महिन्यांत त्यांतील बहुतेकांनी पुन्हा रंग धरला. संशोधकांना या घटनेतून पांढऱ्या शिंपल्यांच्या शरीरात काय घडते ते प्रत्यक्ष तपासता आले. पांढरा म्हणजे मृत नव्हे, हे इतक्या मोठ्या संख्येवर क्वचितच दिसले असेल.

आपल्या देशात महाकाय शिंपले कोकणात नाहीत. ते लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे आढळतात. लक्षद्वीपच्या बेटांभोवतीच्या उथळ, शांत पाण्यात, ज्याला लगून म्हणतात, मॅक्सिमा ही जात विशेष दिसते. महाराष्ट्राशी तिचे नाते अभ्यासाचे आहे. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने दीपक आपटे यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात लक्षद्वीपच्या शिंपल्यांचा अभ्यास केला. अगत्ती बेटावर रहिवाशांना बरोबर घेऊन, त्यांनीच सांभाळावयाच्या सागरी क्षेत्राची कल्पना मांडताना हा शिंपला त्या प्रयत्नाचे प्रतीक ठरला. पंचायत सदस्यांना यातील मर्म सहज कळेल. खडकाला चिकटलेल्या, पळून न जाणाऱ्या प्राण्याची राखण बाहेरच्या पहारेकऱ्यापेक्षा गावच अधिक चांगली करू शकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये या शिंपल्यांना संरक्षण आहे. शोभेसाठी वा टाकीत ठेवण्यासाठी ते समुद्रातून उचलणे हा अपराध होय. सहलीहून आणलेली मोठी शिंप शाळेच्या कपाटात ठेवताना शिक्षकांनीही हे ध्यानात घेतलेले बरे.

लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर जगभरच्या प्रवाळांवर चौथ्यांदा हे सार्वत्रिक संकट आल्याचे अमेरिकेच्या सागर व वातावरणविषयक प्रशासनाने जाहीर केले. महाराष्ट्रातही, १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातील प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली आहे. या तारखांमधील अंतर पाहिले तर चिंतेचे कारण कळते. टाकीत थर्मोस्टॅट बदलणे हे एका दुपारचे काम असते. समुद्राला थर्मोस्टॅट नाही. गिगास जातीचा शिंपला पूर्ण वयात येऊन अंडी देऊ लागण्यास नऊ-दहा वर्षे लागतात. दोन तापांमधील अंतर त्याहून कमी होत गेले, तर सावरलेल्या शिंपल्याला पुढची पिढी देण्याआधीच पुन्हा पांढरे व्हावे लागते.

लक्षद्वीपमध्ये हा ताप साधारणतः एप्रिल-मे महिन्यांत चढतो. पाणी स्थिर, आकाश निरभ्र आणि ऊन थेट तळापर्यंत पोहोचणारे. अशा वेळी लगूनमधल्या पांढऱ्या शिंपल्याला हात न लावणे, त्याच्यावर होडीचा नांगर न टाकणे, खडकावरून न चालणे आणि पाण्याच्या तापमानाची रोजची नोंद ठेवणे, एवढेच किनाऱ्यावरच्या माणसाला शक्य असते. मग नैऋत्य मोसमी वारे येतात. आकाश भरून येते, लाटा पाणी ढवळतात आणि समुद्र निवू लागतो. टाकीवर जे काम जाळीचे कापड करते, ते तेथे जूनचे ढग करतात. ज्या शिंपल्याच्या नळ्या तोवर बुजलेल्या नसतात, त्याच्या प्रावारावर पावसाळ्यात पुन्हा तो पुसट तपकिरी डाग उमटू लागतो.